अर्धवट राहिलेली डिस्क

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

कर्जतच्या एका फोटो स्टुडिओत मी चार वर्षं लग्नांच्या डीव्हीडी बनवत होते. एका सकाळी मालकानं, आम्ही त्याला शेठ म्हणायचो, मला गिऱ्हाइकांसमोर हाकललं. दहिवलीच्या एका मुस्लीम मावशीच्या, सगळे तिला खाला म्हणायचे, मुलीच्या निकाहची डिस्क घरच्या प्लेअरवर लागेना. शेठनं ती स्टुडिओच्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर आलं, डिस्क कोरी. मूळ चित्रीकरण त्यानं आधीच पुसलेलं.

"ह्या पोरीनं कोरीच दिली," तो म्हणाला.

निकाहनंतर महिन्याभरात खालाचा नवरा वारला होता. तिनं माझं मनगट धरलं. "माझ्या माणसाला पुसलंस गं तू."

ती डिस्क मी लिहिलीच नव्हती, तिच्यावर व्हिडिओ मी उतरवलाच नव्हता. ती लिहिली गेली त्या दिवशी मी सुट्टी घेऊन चौक गावाला मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. पण माझं ऐकतो कोण?

पुढे मी खोपोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची प्रणाली होती. मशीनला कोणकोणते डिस्क ड्राइव्ह जोडलेत, त्यांना काय काय जमतं, हे लिनक्स एका साध्या फाइलीत लिहून ठेवतं. आत घातलेली डिस्क कुठल्या प्रकारची, कोरी, अर्धवट की बंद केलेली, हेही त्याला विचारता येतं. 'अर्धवट' वाचलं आणि माझे कान तापले. लिहून झाल्यावर डिस्क बंद करावी लागते. ते राहिलं तर घरचा प्लेअर तिला ओळखत नाही, काही कॉम्प्युटर तर तिला कोरीच समजतात. आणि स्टुडिओत माझ्याखेरीज डिस्क लिहायचा तो एकटा शेठ, नेहमी घाईत ड्राइव्ह मधेच उघडायचा.

डिस्कची ही अवस्था पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम मी लिहायला घेतला. जमलं नाही की शेठचा चेहरा आठवायचा, मग पुन्हा बसायचे. उत्तरं मुद्दाम मराठीत, मोठ्या अक्षरांत ठेवली. खालाला वाचता यायला हवी होती.

मग तिच्या दारात गेले. तिनं मला बस म्हटलं नाही. डिस्क कोरी नसेल, एवढं मी सांगितलं, तेव्हा कपाटातली डिस्क घेऊन ती माझ्यासोबत निघाली.

स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाल्यांची गर्दी होती. मला गर्दीच हवी होती. काउंटरवर लॅपटॉप ठेवला, ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली. ओळी उमटल्या. ड्राइव्ह सापडला. डिस्क कोरी नाही. अर्धवट सोडलेली. खाली लिहिल्याची तारीख. तिच्या शेजारी मी माझ्या सुट्टीच्या अर्जाची जपून ठेवलेली प्रत ठेवली. तारीख तीच, खाली शेठची सही.

"कुणी लिहिली ही?" मी विचारलं.

"चूक झाली असेल गं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. खालाला ऐकू येऊ दे."

"मीच लिहिली होती."

माझ्या लॅपटॉपला अर्धवट डिस्कही वाचता येत होती, मी व्हिडिओ लावला. खालाचा नवरा बिर्याणीचं ताट घेऊन चालला होता. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "अरे माझं काय काढतोस, पोरीचं काढ!" खाला स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. तिनं ते पाच वेळा लावायला सांगितलं. शेठला तेवढा वेळ मी तिथून हलू दिलं नाही.

ती गोष्ट मी दहिवलीत घरोघर सांगितली. तिथलं एकही लग्न आता त्याच्याकडे जात नाही. पुरे कर आता, असं आई म्हणते. मला अजून पुरं वाटत नाही.