टायरवरचे केस

सायकलवाला महिनाभर दुकानात मेव्हण्याचा पॉडकास्ट ऐकत होता. दोन हजार किलोमीटरचा सायकलप्रवास! घाट चढतानाच्या त्या धापा ऐकून त्याच्या हातातला पाना थांबायचा.

आज मेव्हणा परतला. प्रवासासाठी सायकलवाल्यानंच जोडून दिलेल्या नव्या सायकलच्या टायरांवर रबराचे बारीक केस तसेच उभे होते. शंभरेक किलोमीटरांत झडतात ते. म्हणजे सायकल टेम्पोतून फिरली, आणि हा लबाड माईकपुढे धापा टाकत बसला! त्याला शिसारी आली.

मेव्हण्यानं निर्लज्जपणे माईक पुढे केला. "भावजी, आता सायकलची हालत काय आहे, सांगा श्रोत्यांना."

"नवी कोरी," सायकलवाला म्हणाला. "एकदाही न चालवलेली. कोणाला विकत हवी असेल तर दुकानात या."