काकूच्या आवाजाची पेटी

माझे काका छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. ते निवृत्त झाले तेव्हा घरी बसून त्यांना कंटाळा येईल अशी सगळ्यांनाच काळजी होती. पण कंटाळायला सवड मिळालीच नाही. दुसऱ्याच महिन्यात काकूला पक्षाघाताचा झटका आला.

काकू एका शाळेच्या ऑफिसात फीच्या खिडकीवर होती. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काका दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत एकटे असायचे, आणि घरी आले की फक्त ऐकायचे. झटक्यानंतर तिचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ वळेनाशी झाली. समजत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. मग काका अंदाज बांधायचे. "पाणी देऊ? पंखा लावू? उशी सरकवू?" चौथा अंदाज चुकला की ती डोळे मिटून भिंतीकडे वळायची.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. काका ओट्याशी भांडी घासत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिला काय हवंय ते मला कळत नाही गं. छत्तीस वर्षं बंद पडलेल्या यंत्रांचं दुखणं ओळखलं मी, आणि घरात माझी ही गत."

मी गणिताची शिक्षिका. आमच्या शाळेत तेव्हा मुलांना शिकवायला छोटे संगणक आले होते. पत्त्यांच्या कॅटएवढी एक हिरवी पट्टी, बस. टीव्हीला जोडायची, मोबाइलचा चार्जर लावायचा, नखाएवढ्या कार्डात प्रोग्राम भरायचा. कडेला सुयांसारख्या पिनांची रांग असते, तिला बटण, दिवा, भोंगा काय हवं ते जोडता येतं. पुढच्या रविवारी मी त्यातला एक आणि धड्यांचं पुस्तक काकांपुढे ठेवलं. बटण दाबलं की हे बोलू शकतं, एवढंच सांगितलं.

काका बराच वेळ ती पट्टी उलटसुलट करून बघत राहिले. "लिफ्टमध्येही शेवटी शेवटी अशीच कार्डं आली होती," ते म्हणाले. "बिघडलं की कार्ड बदला, एवढंच सांगायचे. आत काय चालतं ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, हसतील म्हणून."

"आता विचारा. मी नाही हसणार."

पहिल्या धड्यातला दिवा लुकलुकायला त्यांना चार दिवस लागले. चूक सांगणारा इंग्रजी मजकूर पडद्यावर आला की ते एकेक अक्षर वहीत उतरवून घ्यायचे आणि मला फोनवर वाचून दाखवायचे. "इथे दोन टिंबं राहिलीत म्हणतोय वाटतं," असं स्वतःच म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

बटणांसाठी त्यांना लांब जावं लागलं नाही. एका इमारतीची जुनी लिफ्ट काढून टाकली होती. तिथल्या सेक्रेटरींना विचारून ते बटणांचा अख्खा फलक घेऊन आले. मोठी, गोल, डाव्या हाताच्या अंगठ्याने सहज दबतील अशी बारा बटणं. एकपासून नऊपर्यंत आकडे, दार उघडायचं, दार मिटायचं आणि घंटेचं.

इथे घोटाळा झाला. त्या बटणांच्या आत चोवीस व्होल्टचे दिवे होते, आणि त्या छोट्या संगणकाच्या पिनांना तीन-साडेतीन व्होल्टच्या वर काही सोसत नाही. जुन्या सवयीने काकांनी दिव्यांच्या विजेची वायरही त्याच फलकात जोडली, आणि कुठेतरी टोकाला टोक लागलं. धूर नाही, ठिणगी नाही. संगणक फक्त परत जागा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. माझा तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे होते, धुतलेला शर्ट घालून. हातात रुमालात गुंडाळलेली ती पट्टी.

"मुलांची वस्तू जाळली मी," ते म्हणाले.

"काका, या वर्षात मुलांनी तीन जाळलेत. स्वस्त आहे म्हणूनच तर मुलांच्या हातात देतो. महाग असतं तर कपाटात कुलूपबंद राहिलं असतं."

त्यांना ते पटायला वेळ लागला. दुसरा संगणक नेताना मात्र त्यांनी तो कापडी पिशवीत घालून छातीशी धरला होता.

महिन्याभरात पेटी तयार झाली. लाकडी, कडा घासून गुळगुळीत केलेली. काकांनी स्वतःच्या आवाजात बारा वाक्यं भरली होती. त्यांनी ती काकूच्या मांडीवर ठेवली. तिने एक नंबर दाबला. काकांचा खर्जातला आवाज आला, "मला पाणी हवं आहे." तिने दोन नंबर दाबला. "मला झोपायचं आहे." तिने पेटी बाजूला सारली.

काकांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, माझा आवाज भरू या. काकूने मान हलवली. नको. मग डाव्या हाताने तिने काकांचा फोन ओढला, अंगठ्याने काहीतरी शोधत राहिली आणि एकदम खोलीत तिचा आवाज घुमला, "अहो, येताना दूध आणा, आणि कालच्यासारखं विसरू नका."

लिफ्टच्या खड्ड्यात काकांना फोन लागायचा नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं आवाजी निरोप पाठवून ठेवायची. काकांनी त्यातला एकही पुसला नव्हता. "पुसायचे कसे ते माहीत नव्हतं," ते मला नंतर म्हणाले. ते खरं असेल किंवा नसेल.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी काका कानाला हेडफोन लावून बसायचे. निरोपांतून शब्द कापायचे, वहीत लिहायचे. "अहो", "दूध", "पुरे आता", "कुठे आहात" यांची ददात नव्हती. "नको" तर एकतीस तऱ्हांचे सापडले. काकूने ते सगळे ऐकून त्यातला सर्वांत तिखट निवडला. तिच्याच हुकमावरून दार मिटायच्या बटणावर "गप्प बसा जरा" गेलं, घंटेवर "अहो, ऐकलंत का".

एक शब्द मात्र मिळेना. "दुखतंय." तीनशेच्या वर निरोप, पण आपलं काही दुखतंय असं तिने एकदाही सांगितलं नव्हतं. शेवटी एक सापडला, काकांच्या चौकशीचा: "गुडघा अजून दुखतोय का?" त्यातलं "दुखतोय" कापून तीन नंबरवर गेलं. त्यामुळे काकूचं डोकंही दुखतोय आणि पाठही दुखतोय. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. काकू त्यांच्याकडे रोखून बघत राहिली आणि तिने शांतपणे "गप्प बसा जरा" दाबलं. झटक्यानंतर काका मोकळेपणाने हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्याला आता दीड वर्ष झालं. जिभेचे व्यायाम चालू आहेत. छोटे शब्द काकू आता स्वतः म्हणते, मोठ्यांसाठी पेटी घेते. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी ती पेटी पाहिली आणि आपल्या आणखी पेशंटांसाठी काकांना विचारलं. चार पेट्या गेल्या. काकांनी शाळेचे दोन्ही संगणक नवे आणून परत केले, आणि गुरुवारी ते आमच्या मुलांना सोल्डरिंग शिकवायला येतात. कोणी चुकीची वायर लावली की ओरडत नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसतात आणि म्हणतात, "आता कुठून कुठे वीज गेली, बोटाने दाखव."

पाचवी पेटी एका निवृत्त बस कंडक्टरसाठी आहे. त्यांचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. काकांनी घरच्यांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा धाकट्या भावाचा आवाज हुबेहूब तसाच असल्याचं कळलं. भाऊ आठ तासांचा प्रवास करून आला. स्वयंपाकघराचं दार लावून त्याने बारा शब्द म्हटले. कंडक्टरांनी डोळे मिटून ते ऐकले आणि होकाराची मान हलवली.

तरी ती पेटी अजून आमच्या काकांच्या टेबलावरच आहे. कारण प्रत्येक पेटी आधी काकू तपासते. डाव्या अंगठ्याने प्रत्येक बटण शंभर वेळा दाबते, ओठ हलवून मोजते. काल सात नंबरचं बटण एकदा अडकलं. काकूने पेटी काकांकडे सरकवली. काकांनी चष्मा लावला, स्क्रू काढले आणि बटण पुन्हा बसवायला घेतलं.