जावेची खोली

मी लग्न होऊन सौंसरला आले, तेव्हा थोरली जाऊ मागच्या खोलीत निजायची. खोलीला खिडकी नव्हती. मोरीचं पाणी भिंतीत मुरायचं, आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी चढलेली. आधी तिथं कापूस भरत. कापूस काळा पडायला लागला म्हणून सासूनं तो पुढच्या खोलीत आणवला आणि जावेची खाट मागं नेली.

लहानपणी सांधे सुजून ताप आला, तेव्हापासून जावेचं हृदय दुबळं होतं. आता तर घागर भरून आणली की ती धापा टाकत खालीच बसायची.

"नाटकं करून राहिली," सासू म्हणायची. "खायले तर बरोबर उठते."

एकदा तिचे ओठ निळे पडले. मग भासरे, म्हणजे तिचा नवरा, तिला पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सोबतीला मी होते.

डॉक्टर म्हणाले, "झडप आधीचीच खराब आहे, ती बुरशीनं बिघडली नाही. पण त्या हवेनं छाती भरते, दम पुरत नाही, अन् दुबळ्या हृदयाला जास्त राबावं लागते. हिला त्या खोलीतून काढा."

भासऱ्यांनी भिंतीला चुना मारला. पुढच्याच महिन्यात बुरशी चुन्यावर उमटली.

मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, त्यांना माह्या खोलीत निजू द्या. मी मागं निजीन."

सासू हसली. "तुले लेकरू व्हायचं आहे. तिले काय व्हायचं आहे?"

जाऊ दारातच उभी होती. पदर तोंडाशी धरून ती खोकली आणि भांडी घासायला बसली.

हिवाळा संपायच्या आत ती गेली. सकाळी सासूनं चहासाठी हाका मारल्या, शिव्या दिल्या, मग मला बघायला पाठवलं. आडवं झालं की तिचा दम कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसायची. तशीच बसल्या बसल्या गेली होती.

वर्ष व्हायच्या आत भासऱ्यांसाठी रामाकोन्याहून मुलीकडचे आले. सासू मुलीच्या आईला म्हणाली, "पहिलीले माहेरूनच रोग होता."

मी चहा खाली ठेवला, त्या बाईचा हात धरला आणि तिला मागं नेलं. "इथं निजायची ती," म्हटलं. बाईनं भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, लुगड्याला पुसलं. चहा न घेताच ते लोक उठले.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मला सगळ्यांसमोर मारलं. कोणी मध्ये पडलं नाही. सासू त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला तिच्या आवाजाची कधी आठवण आली नाही.