आत्याचे अठ्ठ्याऐंशी हजार पॉइंट

आत्या कुणाच्याही चेहऱ्याकडे बघते तेव्हा आधी तोंडाकडे बघते. लग्नसमारंभात, रांगेत, टीव्हीवर. ‘वरचे चार खोटे आहेत,’ ती माझ्या कानात सांगते, ‘आणि करणाऱ्यानं आळस केलाय.’

सत्तावीस वर्षं ती एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते. खोली दहा बाय बाराची. खिडकीशी लांब ओटा, ओट्यावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, पॉलिशचं गरगर फिरणारं चाक. माणसं पुढच्या दारानं येतात, डॉक्टरांपुढे तोंड उघडतात आणि त्या तोंडाचा साचा मागच्या खोलीत येतो. माणूस तिला दिसत नाही. तरी कुठला दात किंचित तिरका बसवायचा, रंगात कुठं पिवळसर झाक ठेवायची, हे तिला साच्यावरून कळतं. फार पांढरे, फार सरळ दात ती बसवत नाही. म्हणते, ‘साठीच्या माणसाला विशीचे दात दिले, की तो हसताना चोरासारखा दिसतो.’

ती बाबांची धाकटी बहीण. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. लग्न का केलं नाही हे विचारून विचारून लोक थकले. तिनं दर वेळी वेगळं उत्तर दिलं.

अकरा वर्षांपूर्वी एका बँकेचा विक्रेता क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला दारातूनच कटवलं. बाहेर पडताना तो चुकून मागच्या खोलीत शिरला. आत्यानं त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि फॉर्म भरला. फॉर्मवर मोबाइल नंबर हवा होता. तिच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता. प्लास्टरच्या हातांनी तो धरायचा कसा, हा तिचा प्रश्न. तिनं बाबांचा नंबर लिहिला.

तेव्हापासून आत्यानं चपला घेतल्या की बाबांच्या खिशात वाजायचं. जेवताना ते विचारायचे, ‘छत्री घेतलीस?’

‘घेतली.’

‘आधीची कुठं गेली?’

यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. कळत होतं म्हणून विचारत होते. पुढं आत्यानंही मोबाइल घेतला, पण बँकेतला नंबर तसाच राहिला.

कार्डाबरोबर एक पुस्तिका येते. ती सहसा कुणी वाचत नाही. आत्यानं वाचली, दातांवरच्या बारीक रेघा तपासायच्या भिंगाखाली धरून. प्रत्येक खरेदीवर पॉइंट. पॉइंट साठले की विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली. मग घरात काही मोठं घ्यायचं निघालं, की ती पर्स घेऊन तयार. ‘पैसे माझ्याकडे द्या, कार्ड मी ओढते.’ आमचा फ्रिज तिच्या कार्डावर आला. माझा लॅपटॉप, माझ्या भावाच्या लग्नाचा हॉल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिच्या कार्डावर. बाहेर जेवायला गेलो की सगळे नातेवाईक नोटा काढून तिच्यापुढे टाकायचे आणि वेटरसमोर तिची फिरकी घ्यायचे. ‘विचारा हिला, आज किती पॉइंट पडले!’ ती नोटा नीट लावून पर्समध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी बँकेत भरून यायची. मुदत महिन्याची असली तरी दुसऱ्याच दिवशी.

यंदा बँकेचं पत्र आलं. योजना बदलतेय, जुने पॉइंट महिनाअखेरीस रद्द होतील. आत्याचे अठ्ठ्याऐंशी हजार चारशे होते.

तिनं आधी दवाखान्यात नऊ दिवसांची रजा मागितली. आताचे डॉक्टर जुन्या डॉक्टरांचे चिरंजीव, वयानं तिच्याहून बरेच लहान.

‘कोण आजारी आहे, ताई?’ त्यांनी काळजीनं विचारलं.

‘कुणी नाही.’

‘मग लग्न?’

‘नाही.’

‘मग रजा कशाला?’

‘रजेसाठी,’ आत्या म्हणाली.

घरी तिनं रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर सांगितलं. पुढच्या महिन्यात नऊ दिवस ती डोंगरातल्या एका गावाला जाणार. जाण्यायेण्याचं विमान आणि राहायची खोली, दोन्ही पॉइंटमध्ये बसत होतं.

‘कोण आहे तिथं?’ बाबांनी विचारलं.

‘कुणी नाही.’

‘ओळखीचं कुणी?’

‘ओळखीचंही कुणी नाही, दादा. बघून निवडलंय.’

बाबांनी हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला. त्यांचं वेगळंच ठरलं होतं. माझ्या वहिनीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, पुढच्या महिन्यात दिवस भरत होते. ती आणि भाऊ लांबच्या शहरात राहतात. ‘तेवढ्या पॉइंटमध्ये आपल्या तिघांची जायची तिकिटं होतात,’ ते म्हणाले. ‘मी तपासलंय. हिचे गुडघे असे. तू तर लागशीलच तिथं. दोन महिने तरी.’

आत्या पाण्याचा पेला पुसत होती. तो पुसून तिनं पालथा ठेवला.

‘मी आजवर सात वेळा या गावाबाहेर गेले,’ ती म्हणाली. ‘तीन बाळंतपणं, दोन ऑपरेशनं आणि दोनदा माणसं पोचवायला. प्रत्येक वेळी पोचल्या पोचल्या बाह्या वर केल्या. मला एकदा अशा गावी जायचंय जिथं कुणी आजारी नाही, कुणी जन्मत नाही आणि कुणी मरत नाही.’

‘असं गाव नसतं.’

‘नसू दे. त्यातलं कुणी माझं नसलं म्हणजे झालं.’

आई हसली आणि बाबांनी बघितल्यावर गप्प झाली.

‘पैसे आमचे आणि पॉइंट तुझे होय?’ बाबांचा आवाज चढला. ‘फ्रिज कुणाच्या पैशाचा?’

‘तुझ्या. आणि फ्रिज कुठाय?’

‘स्वयंपाकघरात.’

‘आत सगळं थंड राहतंय ना? मग तुझे पैसे फ्रिजला पोचले. पॉइंट बँकेनं दिलेत, आणि ते मी कधीतरी चुकेन या आशेवर दिलेत. माणूस तारीख विसरतो, दंड भरतो, त्याच्यावर तर त्यांचं चालतं. अकरा वर्षं ते माझी वाट बघत बसलेत. मी एकदाही विसरले नाही. हे पॉइंट त्याचे आहेत, दादा. फ्रिजचे नाहीत.’

तिनं मला लॅपटॉप आणायला सांगितला. मी बँकेचं पान उघडलं, तिनं तारखा सांगितल्या, मी शेवटचं बटण दाबलं. कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला बाबांचा फोन वाजला. पॉइंट खर्च करायला सहा आकडे लागतात आणि ते आकडे बाबांच्या फोनवर आले होते. तोवर ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

‘सांग, दादा,’ आत्या म्हणाली.

बाबांनी सावकाश चष्मा लावला. मेसेज वाचला. पुन्हा वाचला.

‘यात लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका.’

‘दादा.’

‘बँकेचा माणूस विचारेल, तरी सांगू नका म्हणतात. मी बँकेचं ऐकतोय. बँकेशी चोख वागावं, हे तुझंच ना?’

‘अहो, पुरे आता,’ आई म्हणाली.

पडद्यावर कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. ते शून्यावर आले आणि पान पुसलं गेलं. आत्यानं लॅपटॉप मिटला, त्याच्यावरची धूळ तळहातानं झटकली आणि ती वर निघून गेली.

बाबा संध्याकाळपर्यंत बैठकीतून हलले नाहीत. ते वाईट नाहीत. कुणी येऊन दोन शब्द मऊ बोललं, की ते हातचं काढून देतात. आत्याला हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच ती खाली आली नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र बघितलं, नंबर बदलायचा म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं म्हणाली आणि बोटांचे ठसे घ्यायचं छोटं यंत्र पुढं सरकवलं. आत्यानं अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. दहाही बोटं झाली. मुलीनं तिचा हात स्वतःकडे ओढून बोटांची टोकं बघितली. प्लास्टरनं आणि पॉलिशच्या चाकानं ती काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

‘काकू, तुमच्या बोटांवर काहीच नाही हो.’

‘सत्तावीस वर्षांचं काम आहे ते,’ आत्या म्हणाली.

यंत्रानं ओळखलं नाही तर अर्ज मुख्य कार्यालयात जातो. सात दिवस लागतात. महिना संपायला चार दिवस होते.

‘दुसरा एक मार्ग आहे,’ मुलगी म्हणाली. ‘जुना नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी फोनवर हो म्हटलं, तर आत्ता होईल.’

‘ते नाही म्हणतील.’

‘का?’

‘भाऊ आहेत.’

मुलीनं मान हलवली. जणू फॉर्मवर छापलेल्या कारणांपैकीच हे एक होतं.

‘मग मी बसते,’ आत्या म्हणाली.

सोमवारी ती बँक बंद होईपर्यंत बसली. मंगळवारी सकाळी आली ती कामाचा डबा घेऊन. बसायच्या खुर्च्यांपुढे एक काचेचं टेबल होतं, त्यावर कर्जाची रंगीत पत्रकं. आत्यानं ती एका बाजूला केली, वर्तमानपत्र अंथरलं आणि मेणात बसवलेल्या तीन कवळ्या मांडल्या. मग बारीक सुरी काढून हिरड्यांच्या कडा कोरू लागली. शेजारच्या बाईनं खुर्ची बदलली. थोड्या वेळानं आणखी दोघांनी बदलली. मग एक आजोबा जवळ आले, ‘माझी खालची हलते हो, जरा बघता का,’ म्हणाले आणि कवळी काढून रुमालावर ठेवून तिच्यापुढे धरली. दुपारपर्यंत तिच्यापुढे काउंटरपेक्षा मोठी रांग होती.

मॅनेजर बाहेर आले. टेबलाकडे बघितलं आणि नजर भिंतीवर नेली.

‘बाई, हे इथं चालणार नाही.’

‘का बरं?’

‘ही बँक आहे.’

‘हो ना. माझं खातं आहे इथं.’

‘तुम्हाला सांगितलंय ना, सात दिवस थांबावं लागेल.’

‘थांबलेच आहे मी. तुमचं काम चालू द्या, माझं चालू आहे.’

बुधवारी अकराच्या सुमाराला त्यांनी स्वतः तिची जुनी सही काढली, नवी घेतली, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या, तिच्याकडे बघितलं आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. फोनवर ते जे बोलले त्यातलं ‘सर, प्लीज, आजच’ एवढंच मला ऐकू आलं. पंधरा मिनिटांनी आत्याच्या पर्समध्ये वाजलं. तिनं मेसेज वाचला, मलाही वाचायला दिला, मग कवळ्या एकेक करून डब्यात भरल्या. कालचे आजोबा आजही आले होते, त्यांना दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

तिकीट तिनं बँकेत काढलं नाही. घरी येऊन काढलं, जेवणाच्या टेबलावर, बाबा समोर असताना. सहा आकडे तिच्या फोनवर आले. ते तिनं मोठ्यानं वाचत, एकेक करून स्वतः टाइप केले.

‘झालं?’ बाबांनी विचारलं.

‘झालं.’

‘आणि तिकडचं काय? बाळाचं?’

‘तू आणि वहिनी, दोघं जा. ती बसून सांगेल, तू कर. दुपटी बदलायला अजून महिनाभर आहे, तोवर शीक.’

‘मी?’

‘आजोबा कोण होणार आहे, मी?’

आईनं तोंडाला पदर लावला. या वेळी बाबांनी बघितलं तरी तिचं हसू थांबलं नाही.

‘मी बाळ बघायला येईन,’ आत्या म्हणाली. ‘नंतर. दोन दिवस, पाहुणी म्हणून. माझं अंथरूण तुम्ही घालायचं, आणि सकाळी मला कुणी उठवायचं नाही.’

बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. ती निघाली त्या सकाळी ते वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान मात्र त्यांनी एकदाही उलटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच तिला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

‘जेवलीस?’

‘जेवले.’

‘काय काय बघितलंस?’

‘विशेष काही नाही.’

‘मग दिवसभर करतेस काय?’

‘बसते.’

‘बसून काय करतेस?’

‘बसलेलीच असते, दादा.’

बाबांनी आमच्याकडे बघितलं. घसा साफ केला. ‘अगं, ते वरच्या टाकीचं पाणी कुठून बंद करायचं? कालपासून भिंतीला ओल आलीय. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.’

पलीकडून वारा ऐकू येत होता.

‘तीन नळ आहेत,’ आत्या म्हणाली. ‘एकेक फिरवून बघ.’

आणि तिनं फोन ठेवला.