रुस्ताकच्या गरम पाण्याची मालकीण

अगं सुमे, फोन कानाजवळ धर आणि ऐक! सलालाहला बसून नुसते गुडघे कसले चोळतेस? मी पुन्हा मस्कतहून रुस्ताकला, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी राहून आले. चार खोल्यांचं घर, जमिनीवर गाद्या, मागे बायकांच्या अंघोळीचं कुंड. तिथल्या मालकिणीचं नाव पाच खेपांत मी विचारलंच नाही बघ. पाण्यात आधी कोपर बुडवते, आपण बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो ना, अगदी तसं! मग मान हलवून म्हणते, "यल्ला, अम्मा," म्हणजे चला, उतरा.

पण कुंडाच्या त्या पाच पायऱ्या उतरायची माझी छातीच होईना. चार खेपा काठावर बसून तांब्यानेच अंगावर घेतलं. या वेळी तिने माझी काठीच उचलून दाराबाहेर ठेवली. "काठी खलास!" मी चिडले, तर ही बाई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि दोन्ही हात पुढे केले. "श्वय श्वय," म्हणाली, म्हणजे हळूहळू. उतरले गं, गळ्यापर्यंत! केवढी ओरडले मी, आणि ती माझ्याहून मोठ्याने हसली.

काठी तिच्याच दाराशी राहिली. मस्कतला परतल्यावर रुवीत आमचा जिना कठडा धरून चढताना लक्षात आलं. ती आणायला जायचंय. तू लवकर ये, दोघी जाऊ.