बाकावरून कॉमेंट्री

मॅच संपली की स्टँडची घडी होते, वायरी गुंडाळल्या जातात, माइक डब्यात जातो. किस्से मात्र कुठल्याच डब्यात मावत नाहीत. दोन सीझनमध्ये आम्हा तिघांकडे इतके साठलेत, की चहाला बसलो की एक सांगता सांगता दुसरा मध्ये घुसतो आणि तिसरा आधीच्या दोन्ही किश्शांत चुका काढतो. त्यातले काही सांगतो. थोडा मीठमसाला माझा आहे, बाकी अक्कांना विचारून घ्या.

आधी आम्ही कोण ते. नाना सोनगीरचे, एकेकाळचे नामी चढाईपटू. गुडघा गेला, मग वर्कशॉपमधली नोकरी केली, आता रिटायर. अक्का बोदवडच्या, शाळेत पीटीच्या बाई. खो-खोत राज्यापर्यंत गेल्या, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत. मी जळगावात मोबाईल दुरुस्त करतो. पूर्वी डावा कोपरा खेळायचो, नाना माझे कॅप्टन.

जळगाव आणि धुळे मिळून आमच्याकडे कबड्डीची एक मोठी स्पर्धा होते. स्पर्धेची समिती ती लाईव्ह दाखवते. त्यांचे निवेदक सर फार शुद्ध बोलतात. "अत्यंत रोमहर्षक अशा या चढाईमध्ये..." एवढं म्हणेपर्यंत गडी बाद होऊन बाकावर पाणी पीत असतो.

एकदा प्रेक्षकांत बसून हे ऐकताना नाना त्यांच्या अहिराणीत तडकले. "हाऊ काय बोली राहिना? यानी कधी चढाई करेल शे का?" आणि मग पुढची अख्खी मॅच ते शेजारच्यांना समजावून सांगत बसले. मी गुपचूप त्यांच्यासमोर मोबाईल धरला आणि लाईव्ह सोडलं. संध्याकाळपर्यंत पार पहूरहून फोन आले, उद्या पण नानाच पाहिजेत म्हणून.

मग समितीच्या पाया पडून परवानगी काढली. चित्र त्यांचं, आवाज आमचा. ज्याला शुद्ध ऐकायचंय त्यानं तिकडे ऐकावं, ज्याला कबड्डी ऐकायचीय त्यानं इकडे. चॅनलचं नाव 'बाकावरून', कारण नाना आणि अक्का बाकावर बसतात. मी खाली सतरंजीवर, वायरींच्या जाळ्यात.

अक्का आल्या त्या एका अटीवर. समितीचे कॅमेरे फक्त पुरुषांच्या मॅचना लागायचे. बायकांच्या मॅच मागच्या मातीच्या मैदानात, भर दुपारी उरकायच्या, हा जुना रिवाज. अक्कांनी स्वतः अशीच एक फायनल जिंकली होती. "आम्ही जिंकलो हे आमच्याशिवाय कोन्ही पाह्यलं नाही," त्या म्हणाल्या. "यंदा पोरींची फायनल मेन मॅटवर, कॅमेऱ्यासमोर झाली पाहिजे. ते करत असाल तर मी येते, नाहीतर तुमची कॉमेंट्री तुम्हाला लखलाभ."

आम्ही हो म्हणून बसलो. कसं करायचं ते आमच्या बापाला ठाऊक नव्हतं.

* * *

पहिल्याच मॅचला घोळ झाला. चढाई सुरू झाली आणि आमच्या चॅनलवर नानांचा आवाज, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

गडी आत गेला, बोनस घेतला, एकाला शिवलं, परत आला. नानांच्या तोंडून दुसरा शब्द नाही. चढाई संपल्यावर त्यांनी भला मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "वाचला."

मी विचारलं, "नाना, तुम्ही सांगत का नव्हता काय चाललंय ते?"

"माले काय करता येस त्याले? चढाई सुरू व्हयनी की तोंड आपोआप चालू व्हई जास. मधमा बोलनू तर दम तुटी ना."

दम तुटला की चढाईपटू बाद, हे नानांच्या हाडात भिनलेलं. मी घाबरत घाबरत कमेंट बघितल्या. लोक शिव्या देत असतील असं वाटलं होतं. एकानं लिहिलं होतं, आम्ही घरातले बठ्ठे नानांबरोबर दम धरून बसलोय, आमचे आजोबा पहिल्यांदा पूर्ण मॅच जागे राहिले.

तेव्हापासून नियम ठरला. चढाईत नाना दम धरणार आणि काय चाललंय ते अक्का सांगणार.

* * *

पण अक्कांनी बोलायचं कधी आणि थांबायचं कधी, यावरून दोघांची रोज भांडणं. शेवटी अक्कांनी स्वतःची पद्धत काढली. आपलं बोलून झालं की शेजारच्याच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "खो."

सोपं होतं. फक्त शाळेत असताना नाना पण खो-खो खेळायचे, हे आम्ही विसरलो होतो. अक्कांनी पहिला खो दिला आणि नाना बाकावरून उठून पळाले. हेडफोनसकट. वायरीसकट. आवाजाचा मिक्सर माझ्या मांडीवरून उडाला तेव्हा मला कळलं.

गुडघा गेलेला माणूस सात-आठ पावलं धावला हो! परत आले तेव्हा पार लाजलेले. अक्का माइकवर गंभीरपणे म्हणाल्या, "नानांनी दिशा बरोबर पकडली होती."

* * *

तिसरा किस्सा भविष्याचा. समितीचं चित्र आमच्यापर्यंत यायचं आणि पुढे लोकांच्या मोबाईलवर पोचायचं, त्यात थोडा वेळ जायचा. नाना मात्र मैदानातच बसलेले, समोर डोळ्यांनी बघून बोलायचे. म्हणजे मोबाईलवर गडी अजून रेषेवर उभा असायचा, आणि नानांनी "धरला, घोट्याले धरला" असं सांगूनही टाकलेलं असायचं.

चूक माझी होती, आवाज मागे ढकलायला हवा होता. पण गावोगाव बोभाटा झाला की नानांना आधीच कळतं. एक गृहस्थ थेट मैदानात आले, नानांच्या पाया पडले आणि विचारलं, मुलीचं लग्न कधी जमेल.

नानांनी त्यांना उठवून बाकावर बसवलं. "पोरगीलेच इचारा ना भाऊ. तिले ठाऊक व्हई."

महिन्याभरानं पेढे आले. मुलीला खरंच ठाऊक होतं.

* * *

आता माझा किस्सा. हा मी एरवी सांगत नाही, पण नाही सांगितला तर अक्का सांगतील.

समितीच्या अध्यक्षांना आम्ही आबा म्हणतो. पोरींच्या फायनलचा अर्ज अक्कांनी त्यांच्याकडे तीनदा दिला होता. सेमीफायनलच्या दिवशी आबा उत्तर द्यायला स्वतः आमच्या बाकाकडे आले. समोर चढाई ऐन रंगात, माझ्या कानावर हेडफोन, नानांचा दम चालू. आणि माझ्या डाव्या बाजूनं, अगदी हाताशी, एक पाय सरकताना दिसला.

मी बारा वर्षं डावा कोपरा खेळलोय. डावीकडून पाय गेला की मेंदूला विचारायची पद्धत नाही. मी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी घोटा पकडला.

आबा थेट अक्कांच्या पायाशी. नानांनी दम सोडला नाही, हे त्यांचं मोठेपण. अक्कांनी खाली बघितलं आणि लाईव्हवर सांगितलं, "अध्यक्ष बाद."

सगळं मैदान हसलं. आबांनी कपडे झटकले आणि म्हणाले, "बायकांची फायनल उद्या बारा वाजता, मागच्या मैदानात. कॅमेरा मिळणार नाही."

ते कदाचित हो म्हणायलाच आले असतील. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अक्कांनी उलट माझ्यासाठी चहा मागवला, त्याचंच जास्त लागलं.

* * *

आणि ही फायनल.

दुपारचे बारा, जळगावचं ऊन. पहूर विरुद्ध सोनगीर. मागच्या मैदानात पोरी, पंच, दोन्हीकडचे आईबाप आणि आम्ही. समितीचे सगळे कॅमेरे पुढच्या मंडपात, कारण तिथे पाहुण्यांचा सत्कार. मी माझा स्वतःचा मोबाईल स्टँडवर चढवला, डोक्यावर ओला रुमाल टाकला आणि लाईव्ह सुरू केलं. चित्र पण आमचं, आवाज पण आमचा.

मंडपात काय झालं ते समितीच्याच लाईव्हवर आहे, मी नंतर कितीतरी वेळा बघितलंय. आबा भाषण करतायत. समोरच्या खुर्च्यांवर सगळ्यांच्या माना खाली, मांडीवर मोबाईल. स्टेजवरच्या पाहुण्यांच्या पण. आबा म्हणतात, "खेळासाठी मी आयुष्यभर..." आणि इकडे पहूरच्या रूपालीनं एका चढाईत तीन जणींना बाद केलं.

मंडप टाळ्यांनी दणाणला. अर्धे लोक उभे राहिले. आबांनी दोन्ही हात वर केले. "धन्यवाद, धन्यवाद. पण माझं अजून संपलेलं नाही."

थोड्या वेळानं सोनगीरनं तिलाच पकडलं. परत टाळ्या, शिट्ट्या. आबा गोंधळले. तेवढ्यात प्रमुख पाहुणे शाल-नारळासकट खुर्चीतून उठले आणि माइकवर विचारलं, "मागचं मैदान कोणत्या बाजूला आहे?"

हाफ टाइम व्हायच्या आत मंडप रिकामा आणि आमचं मैदान भरलेलं. झाडावर पण माणसं.

आबा आले. माझ्यापासून चांगलं लांब उभे राहिले. अक्कांना म्हणाले, "बाई, दुसरा हाफ मेन मॅटवर घ्या. सगळे कॅमेरे लावतो. पण तिथे कॉमेंट्री आमचीच राहील."

अक्कांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "चालते. पोरी दिसू द्या."

मला फार वाईट वाटलं. सगळं ज्यांच्यामुळे झालं, त्यांनीच गप्प बसायचं. पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी स्टँड उचलला आणि मेन मॅटकडे निघालो.

मेन मॅटवर पोरी उतरल्या. पाहुणे बसले, कॅमेरे लागले. निवेदक सरांनी समोरचे कागद चाळले, परत चाळले. त्यांच्याकडे होत्या त्या सगळ्या पुरुषांच्या याद्या. पोरींचं एक नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माइकवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं, आणि उठून आपली खुर्ची मागे ओढली. "बाई, या. इथे तुम्हीच बसा."

मी आमच्या चॅनलवर पट्टी टाकली, 'अक्का पलीकडे बोलतायत, तिकडे जा.' बघता बघता आमच्याकडचे सगळे गेले.

नाना म्हणाले, "आते आपन काय करानं?"

"ऐकायचं."

पंचांनी शिट्टी तोंडात धरली. अक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. पहूरची एकेक पोर, पूर्ण नाव, कुठे खेळते. मग सोनगीरची एकेक. कॅमेरावाला प्रत्येकीच्या चेहऱ्यावर जायला लागला. आबांनी घड्याळ बघितलं. पंच शिट्टी धरून उभेच. चौदा नावं झाली, तर अक्कांनी बाकावरच्या राखीव पोरी घेतल्या.

शेवटची एक टोकाला बसून बुटाची नाडी बांधत होती. कॅमेरा तिच्यावर आला. अक्का थांबल्या. सगळं मैदान थांबलं. काय झालं म्हणून तिनं मान वर केली, तेव्हा अक्कांनी तिचं नाव घेतलं.

मग पंचांकडे बघून म्हणाल्या, "हं. आता वाजवा."