भुईवरचा घास

त्यानं बूट ठेवला. माझ्या घासावर. मंग टाच फिरवली.

मेसमधी जेवून राह्यलो होतो आमी, फरशीवर बसून. परदेशातला, वाळवंटातला कॅम्प. तिथी मी सळया बांधाच्या कामावर गेलो होतो. मी गडचिरोलीच्या जंगलातला गोंड. आमच्यात पहिला घास भुईवर ठेवतेत, मेलेल्या वाडवडलायसाठी. त्याबिगर घरात कोनी तोंडात भात टाकत नाई. तिथी भुई नवती, म्हनून फरशीवरच ठेवत होतो. गुपचूप.

फोरमन त्याच देशातला. मजुरायकडून शिकलेली तोडकीमोडकी हिंदी. म्हनला, "शैतान को खिलाता? इधर अल्लाह का मुल्क है. काफिर का काम बंद!" अन् तो भात मले हातानं पुसाले लावला. सगळ्यायसमोर. मी पुसला. हव, पुसला ना! पासपोर्ट त्याच्यापाशी होता, पोट माझ्यापाशी. बाजूले राजुऱ्याचा एक पोट्टा बसला होता, रोज देवाची पोथी वाचनारा. तो कानात म्हनला, "काऊन करतं बे असा जंगलीपना? आमालेबी शिव्या खाऊ घालशीन." मुसलमान पोट्टेबी होते पंगतीत. कोनीच मान वर केली नाई. त्या दिवसापासून मी भिताडाकडे तोंड करून एकटाच जेवलो.

गावी वापस आलो तरी आईले सांगितलं नाई. काय सांगू? तुह्या नवऱ्याचा घास मी पुसून टाकला म्हनून?

पन राजुऱ्याच्या त्या पोट्ट्यानं इकडं सांगितलं. एक दिवस आमच्या आंगनात मोठी गाडी थांबली. पक्षाचा पुढारी, सगळे त्याले भाऊ म्हनत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हनला, "तुझ्यावर काय बेतलं ते सभेत सांग. लोकायले कळू दे हे मुसलमान कसे असतेत ते."

बाप्पा, किती बरं वाटलं! कोनीतरी इचारलं होतं. ढसाढसा रडलो मी त्याच्यासमोर. आईनं पानी आनलं. त्यानं तांब्याले हात नाई लावला, गाडीतली बाटली मागवली. मले दिसलं ते. तरी मी हव म्हनलो.

सभा बाजाराच्या गावात होती. त्याच बाजारात रझियाचाची बांगड्या इकते. माझ्या बहिनीचा लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. तिच्या दुकानासमोर पोट्टे ओरडून राह्यले होते, यायची दुकानं उठवा म्हनून. चाची टोपल्या झाकत होती. मनात आलं, आता माझं बोलनं झालं का हे सारे तिच्यावरच धावतीन.

मंचामागं भाऊनं माझ्या गळ्यात गमछा टाकला. "अन् आईक, घास-बीस नको म्हनू. घासानं लोक पेटत नाईत. मूर्ती म्हन. आपली मूर्ती तुडवली म्हन."

"मूर्ती नवती भाऊ. आमच्या पूर्वजायचा घास होता."

"अबे, ते जंगली खूळ आहे. तू हिंदू आहे, बस. तेवढंच बोल."

डोकं सनकलं माझं. तिकडं काफिर, इकडं जंगली. मी आहो तसा कोनालेच नको होतो. यायले फक्त माझं रडनं पायजे होतं.

माईक हातात आला. बोललो. "माझा घास तुडवला तो एका मानसानं. रझियाचाचीनं नाई. अन् मूर्ती नवती. मी कोयतूर आहो, गोंड. आमचा देव, आमचा पेन मूर्तीत राहत नाई."

भाऊच्या मानसायनं माईक हिसकावला. कॉलर धरून खाली ढकललं. "गद्दार!" गर्दीत माझ्या गावचेबी होते. घरी जायले कोनी गाडीवर बसू देल्लं नाई. पायीच गेलो.

पुढच्या बाजारी चाचीकडे गेलो. तिनं वर पाह्यलंच नाई. म्हनली, "बेटा, यहाँ मत रुक. तेरे रहने से मेरी दुकान पे सबकी नजर पड़ती." बरोबरच होतं तिचं. पन जीव तुटला हो माझा. गावात कोनी बोलत नाई आता. आई म्हनते, "चूप राह्यला असता तं काय बिघडलं असतं?"

तिले काय सांगू. चूप राहून पाह्यलंच होतं मी.

काल भाऊचा मानूस वापस आला. माफी माग, एका सभेत नीट बोल, सगळं मिटवतो म्हने. त्याले आंगनातूनच वापस धाडला. भाऊचे पोट्टे दुकानं उठवाले येनार आहेत, मले मालूम आहे. येऊ द्या. त्या दिवशी मी बाजारात राहीन. चाचीनं हाकललं तरी तिच्या दुकानासमोर उभा राहीन. पहिला हात माझ्यावर टाका म्हनीन.